तान्ह्या डोळ्यांचा पडदा

मोतीबिंदू हा म्हातारपणाचा आजार, अशी समजूत आपल्याकडे पिढ्यानपिढ्या रूढ असल्यामुळे, महिन्या-दीड महिन्याच्या बालकाच्या डोळ्याची बाहुली काळीभोर दिसण्याऐवजी पांढुरकी दिसू लागली, तर घरातील वडीलधारी माणसे प्रथम दृष्ट काढतात, मग ‘साय आली आहे, आपोआप जाईल’ म्हणून धीर देतात, आणि या धीर देण्यातच त्या बालकाच्या आयुष्यातील सर्वांत मोलाचे आठवडे निघून जातात. दहा हजार बालकांमागे जन्मजात मोतीबिंदूची किती बालके आढळतात याविषयी एकापासून पंधरापर्यंत निरनिराळे अंदाज आहेत. २०११ च्या जनगणनेत ४५ लाखांवर लोकसंख्या भरलेल्या आणि क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठ्या असलेल्या आपल्या अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, यांतला लहानात लहान अंदाज धरला तरी दरसाल काही घरांत हा प्रसंग उद्भवतोच.

तथापि प्रस्तुत लेखाचा विषय हा मोतीबिंदू नव्हे. मोतीबिंदू निघाला, पट्टी सुटली, मूल आईच्या चेहऱ्याकडे पाहून हसले, सर्वांना हायसे वाटले, आणि त्यानंतर कित्येक महिन्यांनी, कधी कित्येक वर्षांनी, त्याच डोळ्याच्या पाठीमागील दृष्टिपटल, ज्याला आपले लोक नुसता ‘पडदा’ म्हणतात, जागेवरून सुटले, असे ज्या थोड्या बालकांच्या बाबतीत घडते, त्यांच्याविषयी येथे लिहावयाचे आहे. ही बालके थोडी असली तरी त्यांच्यात एक वर्ग विशेष लक्ष देण्याजोगा आहे, आणि तो म्हणजे दुर्मिळ आनुवंशिक व्याधी घेऊन जन्मास आलेल्यांचा. कारण त्यांच्या पडद्याला शस्त्रक्रियेपासून जितके भय असते तितकेच, किंबहुना काही व्याधींत त्याहून अधिक, भय त्यांच्या स्वतःच्या घडणीपासूनच असते.

प्रथम घाई कशासाठी, ते पाहू. जन्मलेल्या बालकाचा डोळा पुढून मागे सुमारे १७ मिलिमीटर लांब असतो आणि प्रौढपणी तो २३–२४ मिलिमीटर होतो. परंतु डोळा वाढतो त्याहून मोठी गोष्ट म्हणजे त्याच काळात मेंदू पाहण्यास शिकत असतो. डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन वीझेल या दोघा शास्त्रज्ञांनी १९६० नंतरच्या दशकात मांजराच्या पिलांचा एक डोळा काही काळ बंद ठेवून असे दाखवून दिले की, ठरावीक मुदतीत डोळ्यावाटे स्पष्ट प्रतिमा मेंदूकडे पोचली नाही तर पुढे डोळा निर्दोष असूनही मेंदू त्याची दखल घेत नाही; या संशोधनाबद्दल त्यांना १९८१ चे नोबेल पारितोषिक मिळाले. माणसाच्या बालकाला हाच नियम लागू असल्यामुळे एका डोळ्यात दाट मोतीबिंदू असेल तर साधारणपणे सहा आठवड्यांच्या आत, आणि दोन्ही डोळ्यांत असेल तर आठ-दहा आठवड्यांच्या आत तो काढावा, असा आजचा दंडक आहे. म्हणजे ज्या वयात बाळाचे बारसे होऊन थोडेच दिवस लोटलेले असतात, त्या वयात त्याला भूल देऊन डोळ्यात शस्त्र घालावयाचे आहे.

आता मोतीबिंदू होतो कशाने? गरोदरपणी आईला झालेला रूबेला हे आपल्या देशात एक मोठे कारण आहे आणि लसीने ते टळण्याजोगे आहे, हे येथे नुसते सांगून पुढे जातो. जीन्समधील दोष हे दुसरे कारण, आणि त्यातही काही दोष केवळ भिंगापुरते असतात, तर काही सबंध देहात पसरलेले असतात. १९५२ साली बॉस्टन येथे चार्ल्स लोव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्णिलेला, म्हणून ‘लोव सिंड्रोम’ याच नावाने ओळखला जाणारा विकार हे याचे ठळक उदाहरण. डोळे, मेंदू आणि मूत्रपिंडे ही तीनही अंगे त्यात एकदम बाधित होतात. एक्स या लिंगसूत्रावरील ओसीआरएल नावाच्या जीनमध्ये दोष असल्यामुळे तो जवळजवळ नेहमी मुलग्यांनाच होतो. त्यांपैकी बहुतेक सर्वांच्या दोन्ही डोळ्यांत जन्मतःच दाट मोतीबिंदू असतो आणि सुमारे निम्म्यांना पुढे काचबिंदूही होतो. या विकाराचा एक तपशील मोठा विलक्षण आहे. मुलाच्या आईला स्लिट लॅम्पसमोर बसवून, बाहुली विस्फारण्याचे थेंब घालून, तिच्या भिंगात तिरपा प्रकाश टाकला, तर पुष्कळदा त्यात बारीक पांढरे ठिपके मध्यापासून कडेकडे रांगांनी पसरलेले आढळतात. तिला दिसण्याची काहीही तक्रार नसते. परंतु मुलाच्या व्याधीचा दाखला तिच्या डोळ्यात असा लिहिलेला असतो. पुढच्या अपत्याविषयी सल्ला देण्यास या पाच मिनिटांच्या तपासणीचा उपयोग होतो, आणि तरीही ती सर्रास केली जाते असे नाही. कारण रुग्ण म्हणून केसपेपर फक्त मुलाच्या नावाने निघालेला असतो.

गॅलॅक्टोसेमिया या दुसऱ्या आनुवंशिक विकारात दुधातील एका शर्करेचे पचन होत नाही आणि ती भिंगात साठून मोतीबिंदू होतो. तो वेळेवर ओळखून दूध बंद केले, तर काही बालकांत भिंग पुन्हा स्वच्छ होते व शस्त्राचे कामच राहत नाही. मोतीबिंदू दिसला की चाकू उचलावा, असे हे शास्त्र नाही, हे यावरून लक्षात यावे.

दुसरा गट अशा विकारांचा, ज्यांत मूळ दुबळेपण पडद्यात आणि त्याच्या पुढ्यातील काचाभ द्रवात असते. १९६५ साली अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या गुनार स्टिकलर यांनी वर्णिलेल्या विकारात, सांध्यांच्या कूर्चेत आणि काचाभ द्रवात सामाईक असणारे कोलॅजन हे प्रथिनच सदोष असते; म्हणून अशा बालकात टाळू दुभंगलेली, ऐकणे कमी, सांधे सैल आणि डोळ्याचा उणे नंबर फार मोठा, असे एकमेकांशी वरकरणी काहीही संबंध नसलेले दोष एकत्र आढळतात, आणि त्याच्या पडद्याला घड्याळाच्या तबकडीच्या पाव भागाहून मोठी चीर पडू शकते. १९७१ साली वर्णिलेल्या नॉब्लॉक विकारात डोक्याच्या मागील बाजूस कवटीत व्यंग, तीव्र लघुदृष्टी आणि पडद्याचा ऱ्हास हे त्रिकूट असते. नॉरी विकारात तर पडदा जन्मतःच सुटून भिंगामागे पांढरा गोळा झालेला असतो, आणि अनुभव नसलेल्या माणसाला तो मोतीबिंदूच भासतो.

म्हणूनच, बाहुली पांढरी दिसली म्हणजे तिच्यामागे काय आहे ते आधी पाहणे अत्यावश्यक ठरते. दाट मोतीबिंदूतून आत पाहता येत नसल्याने डोळ्याची सोनोग्राफी करतात. मिटलेल्या पापणीवर जेल लावून यंत्राची दांडी टेकवली की दृष्टिपटलाची पांढरी रेषा जागेवर आहे की सुटून मध्ये लोंबते आहे, हे कळते. ही तपासणी टाळून शस्त्रक्रिया करणे हे माझ्या मते अक्षम्य होय. त्याचे कारण केवळ नॉरीसारखे दुर्मिळ विकार नव्हेत. पांढऱ्या बाहुलीमागे रेटिनोब्लास्टोमा हा पडद्याचा कर्करोगही असू शकतो, आणि तसा डोळा मोतीबिंदू समजून उघडला तर रोग बाहेर पसरण्याचा धोका असतो.

शस्त्रक्रिया प्रत्यक्षात कशी होते, हे समजल्यावाचून तिचे पडद्यावरील परिणाम समजणार नाहीत. म्हाताऱ्या माणसाच्या भिंगाचा गाभा कठीण झालेला असतो, तर बाळाचे भिंग मऊ असल्याने ते फोडावे लागत नाही, बारीक नळीने शोषून घेता येते. परंतु प्रौढांमध्ये भिंगाची मागची पिशवी जशीच्या तशी राखून तीत कृत्रिम भिंग बसवितात, तसे करून येथे भागत नाही. बाळाच्या देहाची वाढीची शक्ती इतकी जबर असते की ती पिशवी काही आठवड्यांतच पुन्हा गढूळ होते. त्यामुळे पिशवीच्या मागच्या भागालाही खिडकी पाडून, तिच्यामागचा थोडा काचाभ द्रव कापून काढावा लागतो. आणि इथेच पडद्याशी संबंध येतो. प्रौढाचा काचाभ द्रव वयाबरोबर पातळ होऊन पडद्यापासून हळूहळू सुटलेला असतो. बाळाचा मात्र घट्ट लागलेल्या कवडी दह्यासारखा असून त्याने पडद्याला सर्व बाजूंनी धरून ठेवलेले असते. शस्त्रक्रियेत तो कोठे ओढला गेला, चिरेच्या जागी अडकून राहिला, किंवा पुढे आकसला, तर ती ओढ थेट पडद्याच्या कडेवर पडते. शिवाय प्रौढाच्या डोळ्यात उपकरण आत घालण्यास जो निर्धोक पट्टा असतो, तो नवजाताच्या डोळ्यात पुरता वाढलेलाच नसतो. प्रौढाच्या मापाने जागा निवडली तर उपकरण पडद्यातूनच आत शिरेल. थोड्याशा मिलिमीटरांचा हा हिशेब आहे, आणि बालनेत्रशल्यविद्या ही वेगळी विद्या का मानावी लागते, याचे उत्तर या हिशेबात आहे.

पडद्याचे उपद्रव एकाच वेळी येत नाहीत. पहिल्या काही दिवसांत पडद्यावर रक्ताचे बारीक ठिपके आढळू शकतात. बहुधा ते आपोआप विरतात. जंतुसंसर्ग क्वचित होतो, परंतु झाला तर डोळा राहत नाही. काचबिंदू हा खरे तर पडद्याचा विकार नव्हे, तथापि तो दृष्टिमज्जेचा घात करतो म्हणून त्याचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाता येत नाही: अमेरिकेत एका डोळ्याच्या मोतीबिंदूसाठी सात महिन्यांच्या आत शस्त्रक्रिया झालेल्या ११४ बालकांचा दहा वर्षे पाठपुरावा करणाऱ्या प्रसिद्ध अभ्यासात पाचांपैकी एकाहून अधिक बालकांना काचबिंदू झाल्याचे आढळले. त्याच अभ्यासाने हेही दाखविले की, इतक्या कोवळ्या वयात कृत्रिम भिंग बसविल्याने दृष्टी अधिक चांगली होत नाही, मात्र पुन्हापुन्हा शस्त्रक्रिया कराव्या लागतात. म्हणून तान्ह्या बाळाला तूर्त कॉन्टॅक्ट लेन्स किंवा जाड भिंगाचा चष्मा द्यावा आणि कृत्रिम भिंग पुढे पाहावे, या मताकडे आता कल आहे.

पडदा सुटणे हा उपद्रव मात्र उशिरा येणारा आहे, आणि त्याची खरी कुटिलता या उशिरात आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बालकाचे भिंग सुईने फोडून ते आपोआप विरघळण्याची वाट पाहत असत. त्या पद्धतीने शस्त्रक्रिया झालेल्या माणसांचे पडदे वीस-वीस, तीस-तीस वर्षांनी सुटल्याच्या नोंदी जुन्या वैद्यकीय वाङ्मयात आहेत. १९७० च्या सुमारास रॉबर्ट माखेमर यांनी काचाभ द्रव न ओढता कापून शोषणारे उपकरण तयार केले आणि धोका पुष्कळ कमी झाला, पण संपला नाही. डेन्मार्कमध्ये हजारावर डोळ्यांचा जो दीर्घ मागोवा घेण्यात आला, त्यात वीस वर्षांच्या अवधीत पडदा सुटण्याचा संभव सुमारे ७ टक्के भरला. ज्यांचे पडदे सुटले त्यांत शस्त्रक्रियेपासूनचा मधला काळ साधारण नऊ वर्षांचा होता. आणि केवळ मोतीबिंदू असलेल्या मुलांपेक्षा, बौद्धिक वाढ खुंटलेल्या मुलांना हा धोका कितीतरी पटींनी अधिक होता. आनुवंशिक व्याधींची पुष्कळशी मुले नेमकी याच दुसऱ्या वर्गात मोडतात.

असे का व्हावे, याला एकच उत्तर नाही. काही विकारांत पडदाच मुळात पातळ असतो, काहींत डोळा अवाजवी लांब वाढून पडदा ताणला जातो. परंतु एक कारण अगदी साधे, रोजच्या पाहण्यातले आहे. अल्पदृष्टी मूल मूठ वळून आपला डोळा दाबते, बोटाचे पेर खोबणीत खुपसून तासन्तास चोळीत बसते. असे दाबल्याने त्याला प्रकाशाचे भास होतात आणि अंधारात तेवढीच त्याला करमणूक असते. घरची माणसे याला खोड समजतात. मात्र शस्त्रक्रिया झालेल्या, आधीच दुबळ्या डोळ्यावर दिवसेंदिवस पडणारा हा दाब पडद्याला चीर पाडण्यास पुरेसा होऊ शकतो. हाताला खेळणे देऊन, मऊ पट्टीचा संरक्षक चष्मा घालून, मुलाला सतत गुंतवून ठेवून ही सवय मोडावी लागते, आणि तो भार सर्वस्वी आईवर पडतो.

पडद्याला चीर पडते, तिच्यातून द्रव मागे शिरतो आणि पडदा सुटतो, हा क्रम लोझान येथील झ्यूल गोनँ यांनी पहिल्या महायुद्धानंतरच्या काळात सिद्ध केला आणि चीर डागून बंद करण्याचा इलाज सुरू केला. तोवर पडदा सुटलेला डोळा गेलाच असे धरीत. प्रौढ माणूस डोळ्यांपुढे काजवे चमकले, काळे ठिपके तरंगू लागले, एका बाजूने सावली चढू लागली, अशी तक्रार घेऊन येतो. तान्हे मूल काय सांगणार? दुसरा डोळा चांगला असेल तर चार-पाच वर्षांचे मूलही काही सांगत नाही. तिरळेपणा नव्याने दिसणे, डोळे भिरभिरणे, बाहुलीत पुन्हा पांढुरकी झाक येणे, एक बाजू झाकली की मूल रडणे, या खुणा आईच्या नजरेस येईपर्यंत पुष्कळदा पडदा पुरता सुटून आकसलेला असतो. मुलांच्या डोळ्यांत व्रण भरून येण्याची प्रवृत्ती जोरकस असल्याने बसविलेला पडदा पुन्हा सुरकुततो. डोळ्याभोवती सिलिकॉनचा पट्टा आवळणे, काचाभ द्रव काढून आत सिलिकॉनचे तेल भरणे, हे इलाज आहेत. पण प्रौढाला आत वायू भरून आठवडाभर पालथे झोपण्यास सांगता येते, तसे वर्षाच्या बाळाला सांगता येत नाही, आणि भरलेले तेल पुढे काढावे लागते, म्हणजे पुन्हा भूल, पुन्हा शस्त्रक्रिया. लोव विकाराच्या मुलात मूत्रपिंडातून क्षार वाहून जात असल्याने प्रत्येक भुलेपूर्वी रक्तातील पोटॅशियम व बायकार्बोनेट यांचा हिशेब बसवावा लागतो, तो निराळाच. इतके करून हाती येणारी दृष्टी कित्येकदा हाताची बोटे मोजण्यापुरती असते. मी ती क्षुल्लक मानीत नाही. ताटातील भाकरी आणि दारातील उंबरा दिसणे यात आणि न दिसणे यात मोठे अंतर आहे. पण चीर लहान असताना सापडली असती तर लेझरच्या काही ठिणग्यांवर काम भागले असते, हेही विसरता येत नाही.

या विद्येच्या अगदी अलीकडच्या टोकाला तर पडदा मुद्दाम सोडवावा लागतो. आरपीई६५ या जीनच्या दोषाने येणाऱ्या जन्मजात अंधत्वावर अमेरिकेने डिसेंबर २०१७ मध्ये मान्य केलेली जीन-चिकित्सा देताना शल्यवैद्य पडद्याखाली थेंबभर औषध सोडून त्याचा लहानसा फुगा उचलतात, आणि तो पुढे आपोआप बसतो. पडद्याला चीर पडणे, मध्यबिंदूशी छिद्र होणे हे या क्रियेचे नमूद असलेले उपद्रव आहेत, आणि वर्षाखालील बालकांना ती देऊ नये अशी सूचना आहे. २०२५ च्या आरंभी लंडनच्या तज्ज्ञांनी एआयपीएल१ या जीनच्या दोषाने अंध जन्मलेल्या, एक ते तीन वर्षांच्या चार मुलांची हकिकत प्रसिद्ध केली: प्रत्येकाच्या एकाच डोळ्याला औषध दिले, चौघांनाही दृष्टी आली, आणि एकाच्या पडद्याच्या मध्यभागी सूज आढळली. दुसरा डोळा तसाच ठेवण्यातील सावधपणा मला त्या यशाइतकाच शिकण्याजोगा वाटतो.

लंडनहून आता आपल्या जिल्ह्यात परत येऊ. लोणीस १९५० साली सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि त्याच गावी १९८४ साली ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय निघाले. जामखेडला १९७० पासून रजनीकांत आणि मेबल आरोळे या डॉक्टर दांपत्याने गावच्याच निरक्षर बायकांना आरोग्यसेविका करून दाखविले. म्हणजे रोग ओळखणारी माणसे गावपातळीवर तयार करता येतात, याचा पुरावा आपल्याला परगावाहून आणावा लागत नाही. तान्ह्या बाळाच्या पडद्याची शस्त्रक्रिया मात्र आजही बहुधा पुण्या-मुंबईसच न्यावी लागते, आणि दुर्मिळ व्याधींच्या २०२१ च्या राष्ट्रीय धोरणाखाली नेमलेले केंद्रही मुंबईच्या केईएम रुग्णालयात आहे. अंतर हा एक भाग झाला. मुदतीचा पेच त्याहून बिकट आहे. पाथर्डी, शेवगाव, जामखेडकडची कुटुंबे दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीला बाहेर पडतात, ती कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे चैत्रापर्यंत परतत नाहीत. भाद्रपदात ज्या बाळाची शस्त्रक्रिया झाली, त्याच्या फेरतपासणीच्या सगळ्या तारखा उसाच्या फडात, पाचटाच्या खोपीत उलटून जातात. कोयत्याचा अर्धा भागीदार पुण्याला गेला तर त्या दिवसाचा भरणा कोण करणार, या प्रश्नाला डॉक्टरांच्या चिठ्ठीत उत्तर नसते. अशा आईबापांवर हयगयीचा ठपका ठेवणे सोपे आहे, न्याय्य नाही.

मामाच्या मुलीशी लग्न लावण्याच्या आपल्या रिवाजाविषयीही येथे दोन शब्द लिहिले पाहिजेत. आते-मामे भावंडांच्या अपत्यात दर सोळा जीन-जोड्यांपैकी सरासरी एक जोडी एकाच पूर्वजाकडून दोन्ही बाजूंनी आलेली असते; त्यामुळे नॉब्लॉकसारखे, दोन्हीकडून दोष आल्यावाचून न प्रकटणारे विकार अशा घरांत अधिक संभवतात. लोवसारख्या, आईकडून मुलग्याला येणाऱ्या विकाराशी मात्र या रिवाजाचा काही संबंध नाही, आणि दोष कोणत्या जातीचा हे ठरविल्यावाचून सुनेला बोल लावणाऱ्यांनी एवढे तरी ध्यानात ठेवावे.

२०१३ साली पालघर येथून देशभर सुरू झालेल्या राष्ट्रीय बालस्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात मोतीबिंदूचा समावेश आहे. त्याची फिरती पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतात, आणि अठरा वर्षांपर्यंतची मुले त्यांच्या कक्षेत मोडतात. शस्त्रक्रियेनंतर पडदा सुटण्याचा मधला काळ नऊ वर्षांचा असेल, तर त्या वेळी हे मूल तिसरी-चौथीच्या वर्गात पथकाच्या समोरच बसलेले असणार. म्हणून आरोग्यखात्याने या तपासणीच्या नोंदवहीत एक रकाना वाढवावा: ‘तान्हेपणी डोळ्याची शस्त्रक्रिया झाली आहे काय?’ ज्याच्यापुढे ‘होय’ पडेल, त्याची दरवर्षी बाहुली विस्फारून पडद्याची तपासणी व्हावी, आणि ते मूल फडावर असेल तर ज्या कारखान्याच्या हद्दीत ते असेल तेथील आरोग्यकेंद्राकडे त्याची नोंद वर्ग व्हावी. आईबापांनी शस्त्रक्रियेचा कागद, त्यावर डोळा कोणता, तारीख कोणती आणि व्याधीचे नाव काय हे लिहून घेऊन, रेशनकार्डाबरोबर जपून ठेवावा. दवाखाना बदलला तरी तो कागद दाखविल्यावाचून मुलाचा डोळा कोणाच्याही हाती देऊ नये.